लालटोपीचा डावा पाय

६ जून

ठोंब्या,

साष्टांग नमस्कार वगैरे घालणार नाही, कारण तू माझ्याहून जेमतेम आठ महिन्यांनी मोठा आहेस आणि ते आठ महिनेही तू झोपूनच काढलेस असं मामी सांगते.

पत्र का, फोन का नाही, असं विचारशील. तर फोनवर तू मला अंगठा पाठवतोस. मी आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी कळवली, "मला आवाजाच्या स्टुडिओत नोकरी लागली", आणि तू अंगठा पाठवलास! घरच्या ग्रुपवर लिहावं तर तिथे माझी आई, मोठी मावशी आणि मामी तिघी टपून बसलेल्या. नोकरीची बातमी टाकली तर मोठ्या मावशीचं उत्तर, "छान, आता मुलगा बघायला हरकत नाही." म्हणून हे पत्र. निदान चोवीस वर्षांच्या माणसाला पत्राचं उत्तर अंगठ्याने देता येत नाही.

आता नीट बसून वाच. सिनेमात माणसं चालतात तो आवाज त्यांच्या पायांचा नसतो. शूटिंगच्या वेळी फक्त बोलणं नीट पकडतात. पावलं, कपड्यांची सळसळ, कप ठेवल्याचा आवाज, हे सगळं नंतर एका बंद खोलीत, समोर पडदा लावून, अक्षरशः नटाच्या पावलावर पाऊल टाकून करतात. खोलीत जमिनीवर चौकोन आखलेत. एकात फरशी, एकात लाकूड, एकात खडी, एकात वाळू. भिंतभर चपला आणि बूट. राजाची चप्पल आणि भिकाऱ्याची चप्पल शेजारी शेजारी, गुण्यागोविंदाने.

आठवतं, मामा आपल्याला लालटोपीच्या सिनेमाचे सगळे भाग दाखवायचा? लालटोपी गुंडांची हाडं मोडायला लागला की तू डोळे झाकायचास. ठोंब्या, तो कोबी होता! मी स्वतः बघितलं. एक काका कोबीचा गड्डा पिळत होते आणि पडद्यावर एका धटिंगणाचा खांदा निखळत होता. आग म्हणजे चुरगळलेली प्लास्टिकची पिशवी. आणि चौथ्या भागातलं ते चुंबन, ज्याच्या वेळी मामाने आपल्याला पॉपकॉर्न आणायला बाहेर पिटाळलं होतं, ते म्हणजे हेच मिशाळ काका स्वतःच्या मनगटाची पापी घेत होते. आपण फसवले गेलो म्हणून राग यायला हवा होता, पण मी तिथे देवळात उभं राहावं तशी हात जोडून उभी.

इथल्या मुख्य बाई साठीच्या आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हिरोइनसारखं लाकडावर चालायला लावलं. मी चालले. त्या म्हणाल्या, "छान चाललीस. पण तूच चाललीस." तीन महिने बघणार. तेवढ्यात दुसऱ्याच्या पायांनी चालता आलं तर ठेवणार, नाहीतर घरी परत. आणि घरी मोठ्या मावशीकडे मुलगा तयारच आहे. दातांचा डॉक्टर, आणि फोटोत एकही दात दाखवत नाही. वाचव रे देवा.

बाकी आम्ही तिघी एका खोलीत राहतो. परवा मिळून एक मॉप घेतला, पिळायच्या बादलीसकट, आणि संध्याकाळभर त्याच्याभोवती कौतुकाने उभ्या होतो. विशीत माणूस प्रेमात पडतो म्हणतात, ते हेच असावं.

मामा कसा आहे? अर्धांगाच्या झटक्यानंतर डावा पाय हलतोय ना? खरं सांग.

भिंगरी


१५ जून

भिंगरे,

अंगठा हा मानवी शरीरातला अतिशय अवघड अवयव आहे. तो मिळवायला माणसाच्या पूर्वजांना लाखो वर्षं लागली आणि मी तो तुला फुकट पाठवला. मी फिजिओ आहे, मला विचार.

कोबीचं वाचलं. माझं अख्खं बालपण एका भाजीला घाबरून गेलं.

इकडे आमच्या दवाखान्यात वाट बघायच्या खोलीत टीव्ही आहे आणि त्यावर ती मालिका लागते, ज्यात मेलेला नवरा नवीन चेहरा घेऊन परत आलाय. बायकोने ओळखला नाही, सासूने ओळखला नाही, कुत्र्याने ओळखला. मालिका लागली की माझे सगळे पेशंट व्यायाम सोडून दगडासारखे बसायचे. मग मी नियम केला, जाहिराती लागल्या की पाय उचलायचे. जाहिराती एवढ्या असतात की सगळ्यांचे गुडघे भराभर सुधारतायत. मोठ्या डॉक्टरांना वाटतं मी हुशार आहे.

तू चालण्याबद्दल लिहिलंस म्हणून सांगतो. आम्हाला पहिल्या वर्षी शिकवलं की चालणं म्हणजे दर पावलाला थोडं पडणं आणि पडता पडता सावरणं. तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं. आता रस्त्यावर माणसं बघतो तेव्हा थक्क होतो. एवढी माणसं रोज पडतायत आणि कुणी पडत नाही.

बाबा मजेत. काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येतात. एका हाताने लावता यावेत म्हणून मी त्यांना चिकटपट्टीचे बूट आणून दिले. "पीटीच्या सरांना बालवाडीचे बूट!" म्हणून चार दिवस तोंड वाकडं होतं. आता रोज घालतात. तू काळजी करू नकोस. नोकरी टिकव, मला दातवाला भावजी नको.

ठोंब्या


२४ जून

ठोंब्या रे ठोंब्या,

मामा गल्लीच्या टोकापर्यंत जातो हे वाचून मी स्टुडिओच्या जिन्यात उड्या मारल्या. जिना पुसणारीला वाटलं मला बढती मिळाली.

बढती नाही, पण ऐक. लालटोपीचा शेवटचा भाग येतोय. हो, शेवटचा! तो आता म्हातारा दाखवलाय. गुंड नाहीत, कोबी नाही. आजारपणात त्याचा डावा पाय निकामी झालाय आणि मुलगी दवाखान्याच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत आहे. तो एकटा उठतो आणि लांबच लांब व्हरांड्यातून तिच्याकडे चालत येतो. आणि गंमत बघ, कॅमेरा त्याच्यावर नाहीच. कॅमेरा आहे मुलीच्या चेहऱ्यावर. बाप दिसत नाही, फक्त येताना ऐकू येतो. संवाद नाही, संगीत नाही. नुसती पावलं.

ती पावलं बाईंनी मला दिली. मला! म्हणाल्या, "हीच तुझी परीक्षा." ज्या माणसाच्या टोपीसाठी मी तिसरीत असताना उपोषण केलं होतं, त्याचे पाय आता मी होणार. खोलीत जाताना माझे स्वतःचेच पाय लटपटत होते, तेही फुकट गेले. बाई म्हणाल्या, "हा भ्यालेला पाय आहे, आजारी नाही." मग मी डावा पाय ओढला. बाई म्हणाल्या, "दगड ओढतेयस."

शिवाय इथे श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. बांगड्या नाहीत, कुरकुरीत कपडे नाहीत. काल खरोखर पोटात कावळे ओरडले आणि अख्खं रेकॉर्डिंग बाद झालं.

तर आता तुझं काम. मामा कसा चालतो ते मला नीट लिही. कुठला पाय आधी, काठी कधी, सगळं. तू रोज बघतोस. लवकर.

भिंगरी


२ जुलै

भिंगरे,

घे. डाव्या पायाचा गुडघा पुरता वाकत नाही, म्हणून पाय बाहेरून अर्धगोल फिरवून पुढे आणायचा. आधी बोटं टेकतात, मग टाच. वजन उजवीकडे. काठी उजव्या हातात, ती डाव्या पायाबरोबर पुढे जाते. पावलं आखूड, वेग सारखा. बाबा अगदी असेच चालतात.

लालटोपीला माझा नमस्कार सांग. बाबांना तुझ्या परीक्षेचं अजून सांगितलं नाही, उगाच उत्साहात जास्त चालतील.

ठोंब्या


१४ जुलै

ठोंब्या,

तू लिहिलंस तस्संच केलं. अर्धगोल, बोटं, टाच, काठी. आठवडाभर घोटलं. काल बाईंसमोर चालले. त्यांनी मध्येच हात वर केला.

"कुणी शिकवलं?"

म्हटलं, मामेभाऊ फिजिओ आहे, त्याने.

"पाय बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "माणूस कुठाय? हा कुठे दमत नाही, कुठे वैतागत नाही. पाय नाही, पुस्तक चालतंय."

मी रडवेली होऊन बाहेर पायरीवर बसले आणि मला मामा आठवला. फळ्यावर खडू वाकडा ठेवला तरी त्याच्यावर खेकसणारा आपला मामा. बस जरा तिरकी उभी राहिली तर ड्रायव्हरला "सावधान" म्हणणारा. तो माणूस निकामी पाय घेऊन एका सारख्या वेगाने चालेल? न वैतागता? आणि तू, त्याचा मुलगा, त्यात एक शिवीसुद्धा लिहीत नाहीस?

ठोंब्या, मामा चालतच नाही ना?

मला खोटं सांगितलंस याचा राग नंतर करीन, आत्ता वेळ नाही. सोबत स्टुडिओचा छोटा रेकॉर्डर आहे, बाईंना विचारून पाठवतेय. आणि खालची चिठ्ठी मामाला दे. तू वाचली तरी चालेल, तू वाचणारच आहेस.

मामा,

मी तुझी कीव करायला लिहीत नाही. माझं काम अडलंय. लालटोपीला शेवटचं चालायचंय, डावा पाय गेलाय, आणि ते चालणं मला जमत नाही. जमलं नाही तर माझी नोकरी जाईल आणि दातांच्या डॉक्टरशी लग्न होईल. मला तुझं चालणं हवंय. चांगलं नको, जसं असेल तसं. लांब व्हरांड्यात, बूट घालून. तुला नको असेल तर स्पष्ट नाही म्हण. मग मी दुसरा कुणीतरी बघीन.

तुझी भिंगरी


९ ऑगस्ट

भिंगरे,

उशीर झाला. कारण पुढे कळेलच.

नाही चालत. नव्हते चालत. दवाखान्यातून घरी आल्यापासून ते टीव्हीसमोरच्या खुर्चीत होते. मी हात पुढे केला की म्हणायचे, "तुला चालायला मी शिकवलं. आता तू मला शिकवणार?" मी दिवसभर परक्यांना उभं करतो आणि घरी आलो की माझाच बाप मला बघून डोळे मिटून घोरायचं नाटक करायचा. हे मी ग्रुपवर काय लिहू? तुला काय लिहू? म्हणून गल्लीचं टोक लिहिलं.

तुझी चिठ्ठी दिली तेव्हा गाण्याच्या स्पर्धेची शेवटची फेरी चालली होती, जिच्यासाठी आई-बाबांचं महिनाभर भांडण सुरू होतं. त्यांनी चिठ्ठी वाचली. टीव्ही बंद केला, निकाल लागायच्या आधी! आई स्वयंपाकघरातून ओरडली. बाबा मला म्हणाले, "दुसरा कुणीतरी म्हणजे कोण?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

"लालटोपीसाठी कुणीतरी? रस्त्यावरचा कुणीही? बूट आण."

पहिल्या दिवशी नुसते उभे राहिले आणि धपकन परत बसले. मला दोन शिव्या, पायाला चार. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी काही शिकवायला गेलो की, "तू गप. तू चालण्यातला माणूस आहेस, हे आवाजाचं काम आहे." मग मीही हुशारी केली. म्हटलं, बाबा, टाच अशी टेकली तर आवाज स्वच्छ येईल. लगेच टाच तशी! अख्खी फिजिओथेरपी मी त्यांना आवाजाच्या नावाखाली शिकवली.

घरात रेकॉर्डिंग करायला ते तयार नव्हते. "व्हरांडा म्हणालीय ती." मग रविवारी त्यांच्या जुन्या शाळेत गेलो. शिपायाने कुलूप काढलं आणि सवयीने सलाम ठोकला. ज्या व्हरांड्यात ते शिट्टी घेऊन मुलांना पळवायचे, तिथेच. एकटे, फक्त काठी. मी मागून रेकॉर्डर जमिनीजवळ धरून अनवाणी चालत होतो. शिपाई एकदा खोकला तर बाबा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. पुन्हा पहिल्यापासून, भिंगरे! जो माणूस खुर्चीतून उठत नव्हता.

मी इतकी माणसं चालवली, पण असं काही बघितलं नाही. काय बघितलं ते मला लिहिता येत नाही, तू ऐक.

शेवटी वळणाजवळ एक थांबा आलाय. बाबांच्या बुटाची नाडी सुटली होती. तेवढा काढून टाक.

ठोंब्या


२१ ऑगस्ट

ठोंब्या,

मी ऐकलं. डोळे मिटून, हेडफोन लावून, कोपऱ्यात फरशीवर बसून. आणि मग पुन्हा ऐकलं, आणि पुन्हा.

आम्ही सगळे निकामी पायाच्या मागे लागलो होतो. तो कसा ओढायचा, कसा टेकायचा. मामाचं ऐकल्यावर कळलं की खरी गोष्ट उजव्या पायाची आहे. उजवा पाय थांबतो. चांगला, धडधाकट पाय, जो झपाझप जाऊ शकतो, तो दर पावलाला थांबतो आणि डाव्याची वाट बघतो. कधी वैतागून, टाच आपटून. कधी शांतपणे. डावा आला की मग निघतो. असं काही माणसाच्या शरीरात असतं हे मला माहीतच नव्हतं रे! आपण रोज या पायांवर उभे राहून बसची वाट बघतो, भांडतो, नाचतो, आणि आपल्याला पत्ताही नसतो.

मग मी डाव्या पायाचा नाद सोडला. उजव्याने वाट बघायला शिकले. त्यातच आठवडा गेला.

बाईंसमोर चालले तेव्हा पडद्यावर त्या मुलीचा चेहरा होता. शेवटपर्यंत बाईंनी हात वर केला नाही. झाल्यावर म्हणाल्या, "मूळ ऐकव." मी मामाचं लावलं. त्या खडीच्या चौकोनाच्या कडेवर बसल्या, बूट काढून, लहान मुलीसारख्या. संपल्यावर विचारलं, "वळणावरचा थांबा तू का गाळलास?"

म्हटलं, नाडी सुटली होती म्हणे.

"असेल. पण तो हवा."

पुन्हा केलं, थांब्यासकट. आणि अंगावर काटा आला. पावलं थांबली नेमकी तिथेच ती मुलगी मान वर करते! शूटिंगच्या दिवशी तिला कुणी काय सांगितलं होतं देव जाणे. ती मान वर करते, श्वास धरते, बाप का थांबला म्हणून ऐकत राहते, आणि मग पाऊल येतं. मिशाळ काका मशीनपाशी बसून ढसाढसा रडले, ज्यांनी आयुष्यभर कोबी पिळलाय.

नोकरी पक्की! मोठ्या मावशीला तूच सांग. दातवाल्याला माझ्या शुभेच्छा.

मामाला सांग, त्याची भिंगरी पहिल्यांदा दुसऱ्याच्या पायांनी चालली. आणि त्याच्या सुटलेल्या नाडीचे विशेष आभार.

भिंगरी


१९ जानेवारी

चि. भिंगरी,

सावधान. विश्राम. आता वाच.

काल लालटोपी बघितला. मी, तुझी मामी आणि चिरंजीव. चिरंजीव तिकिटं अगदी दाराजवळची काढत होते. मी म्हटलं, मधल्या रांगेतली काढ, आवाज तिथे चांगला येतो. पायऱ्या चढून गेलो. कठड्याला हात लावला, खोटं कशाला बोलू, पण गेलो. डोळ्यांनी हिशेब करत मागून येत होता तो, मला सगळं कळतं.

पहिला अर्धा सिनेमा ठीक. लालटोपीचं पोट सुटलंय. व्यायाम नाही, दुसरं काय.

मग तो व्हरांडा आला. अगं, मी शाळेत तीस वर्षं शिट्ट्या मारल्या, पण एवढी पोरं एकदम गप्प झालेली कधी बघितली नाहीत. कुणी खायचं थांबलं, कुणी मोबाइल उलटा ठेवला. नुसती पावलं. तुझी मामी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. चालणारा दिसत नव्हता आणि सगळे माझीच वाट बघत होते असं वाटलं. या पायाला मी किती शिव्या घातल्या आहेत ते तुला माहीत नाही. काल त्याची जरा लाज वाटली.

वळणावर पावलं थांबली तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाई हुंदका देऊन शेजारणीला म्हणाल्या, "त्याला जुने दिवस आठवले गं." पेपरातही कुणीतरी लिहिलंय, त्या थांब्यात म्हणे अख्खं आयुष्य आहे. चिरंजीवांनी ते कात्रण काढून ठेवलंय.

शेवटी पडद्यावर नावं यायला लागली, लोक उठून निघाले. मी खिशातली शिट्टी काढून जोरात वाजवली. सगळे खाली बसले. मग तुझं नाव आलं. पूर्ण वर जाईपर्यंत कुणाला उठू दिलं नाही.

आता एक गोष्ट. तुझ्या कामात चूक राहू नये म्हणून सांगतो. त्या बाईंनाही सांग. नाडी सुटली नव्हती. माझ्या बुटांना नाड्याच नाहीत, चिकटपट्टी आहे, त्यानेच आणून दिलेत. या पोराला खोटंसुद्धा धड बोलता येत नाही, पहिल्यापासून असाच.

झालं असं की वळणाजवळ मला मागे त्याची चाहूल लागेना. वळून बघितलं. तो वाकून यंत्र धरून उभा, आणि डोळ्यांतून पाणी चाललेलं. तोंड घट्ट मिटलेलं, आवाज होऊ नये म्हणून. मला म्हणायचं होतं, "अरे वेड्या, चालतोय ना मी." पण बोललो असतो तर तुझ्या यंत्रात गेलं असतं.

म्हणून नुसता उभा राहिलो, त्याचं आवरेपर्यंत. मग निघालो.

मामा